जीमॅट घरून द्यावी की पुण्याला जाऊन? दोन्ही करून बघितलेल्या सोलापूरकरणीचं मत

आधी निकाल सांगते, कारणं मागून. सोलापुरात राहत असाल आणि दार लावल्यावर गल्ली ऐकू येणार नाही अशी खोली घरात नसेल, तर जीमॅट, म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा, पुण्याला सेंटरवर जाऊन द्या. सेंटरला माझ्याकडून पाचपैकी चार, घरच्या परीक्षेला अडीच.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात कागदपत्रं बघते. पॅकिंग लिस्ट, एलसी, बिल ऑफ लेडिंग, दिवसभर हेच. आता एक वर्षाच्या एमबीएला जायचं डोक्यात आहे. आयएसबीची (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपी, अहमदाबादच्या आयआयएमची पीजीपीएक्स असल्या कोर्सना जीमॅट चालते. कॅट आणि सीईटी या एमबीएच्या दुसऱ्या दोन्ही प्रवेशपरीक्षा आपल्याकडे सोलापुरातच देता येतात, त्यामुळे त्या देणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही. जीमॅटचं तसं नाही. मी दिली तेव्हा आपल्याला जवळचं सेंटर म्हणजे पुणं, अडीचशे किलोमीटर. नाहीतर घर. घरून देण्याची सोय २०२०च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमुळे सुरू झाली आणि लॉकडाऊन संपला तरी राहिली.

पेपर दोन्हीकडे एकच. क्वांट म्हणजे गणित २१ प्रश्न, व्हर्बल म्हणजे इंग्रजी उतारे आणि तर्क २३, डेटा इनसाइट्स म्हणजे तक्ते-आलेखांवरचे प्रश्न २०, प्रत्येकाला ४५ मिनिटं. मधे दहा मिनिटांची एकच सुट्टी, तीही हवी असली तर. गुण २०५ ते ८०५. कुठला विभाग आधी सोडवायचा ते आपण ठरवायचं, आणि प्रत्येक विभागात शेवटी जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. यात घर आणि सेंटर असा काडीचा फरक नाही. फरक आहे तो फीमध्ये. घरची महाग पडते. मी भरली तेव्हा सेंटरला २७५ डॉलर होते आणि घरून ३००. घरात बसून द्यायला जास्त पैसे का, हे अप्पांना मी अजून पटवू शकलेले नाही.

आता घरचं सांगते. फॉर्म भरताना वाटतं, आपण परीक्षार्थी. प्रत्यक्षात केंद्रप्रमुख, शिपाई, वायरमन, पाणी देणारी मावशी, सगळं आपणच असतो. पेपर सोडवणं हे त्यातलं एक काम.

सुरुवात पांढऱ्या बोर्डापासून. घरच्या परीक्षेत कागद-पेन चालत नाही. स्क्रीनवर एक बोर्ड मिळतो, पण माऊसने भागाकार मांडून बघा, दोन मिनिटांत वैताग येतो. त्यामुळे हाताने लिहायचा बोर्ड घ्यावाच. त्याला माप आहे: १२ बाय २० इंचांपेक्षा मोठा नको, दोन मार्कर, एक डस्टर. नवी पेठेत दुकानदार बोर्ड फुटात विकतात. 'एक बाय दीड' मागा, तो १२ बाय १८ इंच असतो, नियमात बसतो. 'दीड बाय दोन' घेऊ नका. काका म्हणतील, "थोडा मोठा घ्या की, पुढं घरात उपयोगाला येतो." ऐकू नका.

मग खोली रिकामी करणं. टेबलावर लॅपटॉप, बोर्ड, मार्कर, बस्स. मी हाताशी येणारं सगळं बाहेर काढलं, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवलं. मोबाईलवरून खोलीचे चारी बाजूंचे फोटो पाठवायचे, स्वतःचा फोटो, पासपोर्टचा फोटो, आणि मग तो मोबाईल हात पोचणार नाही असा लांब ठेवायचा. दुसरी स्क्रीन जोडलेली चालत नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर तो विचार सोडा. कंपनीच्या फायरवॉलमुळे परीक्षेचं सॉफ्टवेअर अडकू शकतं, आणि आयटीवाला त्या वेळी फोन उचलेल याची खात्री नाही. वायफायपेक्षा राऊटरची वायर थेट लॅपटॉपला लावा. राऊटर इन्व्हर्टरवर घ्या, एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच.

माझ्या बाबतीत गंमत झाली ती टेबलाखाली. लॅपटॉप फिरवून खाली दाखवा, असं कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाने सांगितलं. खाली आज्जीचं बोचकं होतं, जुन्या लुगड्यात बांधलेलं. त्यात काय आहे? चादरी. उघडून दाखवा. सोडलं. एकेक चादर झटकून कॅमेऱ्यासमोर धरली, पाच का सहा होत्या, सगळ्या मोरांच्या नक्षीच्या. माणूस बिचारा सभ्य होता, प्रत्येक चादरीला "थँक यू" म्हणाला. मी सोलापूरच्या मालाचं प्रदर्शन मांडून बसले होते आणि पुढच्या काही मिनिटांत क्वांट सुरू होणार होतं.

आमचं घर दत्तनगरच्या बाजूला. मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. सगळ्यांनी मला मागाच्या आवाजाची भीती घातली होती. चुलतभाऊ तर म्हणाला, "काय बे, त्या खटखटीत पेपर देतीस? तिकडचा माणूस पळून जाईल की." माग दिवसरात्र दोन पाळ्यांत चालतात, घरच्या परीक्षेचे स्लॉट रात्रीअपरात्रीही मिळतात, तरी पूर्ण शांत तास शोधून सापडेना. पण खरं सांगते, मागाने काही बिघडवलं नाही. एका लयीतला आवाज आहे तो, आम्ही त्यातच जन्मलो. पर्यवेक्षकाने एकदा विचारलं, मशीन आहे म्हटल्यावर सोडून दिलं. त्यांना धास्ती असते ती माणसाच्या आवाजाची, कुणी उत्तरं सांगतंय का याची.

आणि माणसांचा आवाज आणला पाण्याने. सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि दिवस एखाद्याने सरकला तर कुणी कळवायला येत नाही. स्लॉट घेताना मी पाण्याचा दिवस मोजून टाळला होता. पाणी सरकलं आणि नेमकं माझ्या व्हर्बलमध्ये आलं. खालून आरोळी, "पाणी आलंऽऽ!" मग घागरींचा आवाज, पाइप ओढल्याचा आवाज, आमच्या जिन्याखालची मोटर. धाकट्या भावाला मी जिन्यावर बसवलं होतं. तो शेजारच्या आक्कांना विनवतोय, "आक्का, अर्धा तास मोटर नका लावू, ताईचा पेपर चालू आहे." आक्कांचा आवाज मला आत स्पष्ट, "पाणी तुझ्या ताईसाठी थांबतंय व्हय रे?" त्यांचंही खोटं नव्हतं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात चॅटची खिडकी उघडली. खोलीत कुणी आहे का? नाही, म्हणून लिहिलं, लॅपटॉप फिरवून दाखवलं, परत बसले. माणूस आपलं काम करत होता, त्याला नाव ठेवणार नाही. पण परिच्छेदाचा धागा तुटला तो तुटलाच. त्यानंतरचे दोन प्रश्न मी काय वाचून सोडवले ते मला आजही सांगता येणार नाही.

आणखी एक सवय नडते ती म्हणजे पुटपुटणं. क्वांटमध्ये कॅल्क्युलेटर नसतो, तो फक्त डेटा इनसाइट्समध्ये स्क्रीनवर मिळतो. आपल्या पिढीला आज्जीने पाढे म्हणवून घेतलेत, ते डोक्यातून येताना तोंडावाटेच येतात. "तेरा साती एक्क्याण्णव" असं ओठ हलले की तिकडून सूचना येते, मोठ्याने वाचू नका. घरून देणार असाल तर आधी महिनाभर तोंड मिटून गणितं करायची सवय लावा. मी चेष्टा करत नाही.

उकाड्याचं तर बोलायलाच नको. कूलर लावला तर माइकमध्ये घोंघावतो, म्हणून बंद. पंख्यावर भागवलं. मनगटाला घाम, आणि बोर्डावर वरच्या ओळीत काही बदलायला गेलं की खालच्या ओळीतलं मनगटाने पुसलं जातं. एका समीकरणातलं वजाचं चिन्हच गेलं. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं. त्यानंतर हाताखाली आज्जीचा रुमाल घेतला असता, पण टेबलावर जास्तीची वस्तू नको, म्हणून तोही विचार सोडला.

आता पुणं. यावर कमी लिहिते, कारण सांगण्यासारखं कमी घडलं, आणि सेंटरचं सगळ्यात मोठं कौतुक हेच.

वेळेच्या अर्धा तास आधी गेले. पासपोर्ट, सही, फोटो, तळहाताचा स्कॅन. बोटांचा ठसा नव्हे, तळव्यातल्या शिरांचा. खिसे उलटे करून दाखवले, बाह्या वर केल्या, चष्मा काढून दोन्ही काड्या बघितल्या. पर्स, घड्याळ, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये, किल्ली आपल्याकडे. हातात मिळते लॅमिनेट केलेल्या पानांची वही आणि मार्कर. वहीवरचं पुसायचं नसतं, भरली की हात वर करायचा, दुसरी मिळते. मार्करचं टोपण उघडं ठेवलं तर तो सुकतो, ही एकच तक्रार, आणि तीही हात वर करून सुटते. एसी कडक. सोलापूरच्या माणसाला तिथे थंडी वाजते, पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालून जा.

शेजारच्या कप्प्यात कुणीतरी धाडधाड टाइप करत होतं. जीमॅटमध्ये आता निबंध राहिलेला नाही, म्हणजे त्याची परीक्षा भलतीच असणार. कान झाकायला हेडफोन ठेवलेले होते, ते लावले आणि तो माणूस संपला. पुढचा सगळा वेळ माझ्यासमोर फक्त प्रश्न होते. दार, मोटर, इन्व्हर्टर, भाऊ, आक्का, यांतलं काहीही माझ्या अखत्यारीत नव्हतं. पाढेसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हटले, कुणी काही बोललं नाही.

सेंटरला पाचवा गुण दिला नाही तो सुट्टीमुळे. दहा मिनिटांतून जाताना स्कॅन, येताना स्कॅन, बाथरूम कॉरिडॉरच्या टोकाला, लॉकरमधला केळ्याचा तुकडा उभ्याने खायचा. घरी सुट्टीत निदान आईच्या हातचं ताक मिळालं होतं. शिवाय शनिवार-रविवारचे स्लॉट लवकर भरतात, नोकरी करणाऱ्याने फार आधी ठरवावं लागतं. आणि तारीख बदलायची वेळ आली तर परीक्षा जितकी जवळ, तितके जास्त पैसे, हे घरच्या परीक्षेलाही लागू.

गुणांचं विचाराल तर घरी ६१५ आले, पुण्यात ६५५. हे चाळीस गुण पुण्याच्या एसीचे आहेत असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात डेटा इनसाइट्सवर मी जीव तोडून मेहनत घेतली होती, मुख्य वाढ तिथलीच. पण व्हर्बलही वर गेलं, आणि व्हर्बलसाठी मी वेगळं काहीच केलं नव्हतं. त्याचं श्रेय मी बेधडक सेंटरला देते.

मग घरून कुणी द्यावी? तान्हं मूल असेल, प्रवास झेपत नसेल, तर प्रश्नच नाही, आणि त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. मोहोळकडची एक मैत्रीण शेतातल्या वस्तीवरच्या घरातून बसली, चारी बाजूंना ऊस, माणूस नाही. तिला घरची परीक्षा फार आवडली. तिच्याकडे नेट टिकतं, म्हणून जमलं. जुळे सोलापूरच्या बाजूला बंगल्यात राहणाऱ्यांनाही कदाचित जमेल. पेठांत, चाळीत, मागाच्या गल्लीत राहणाऱ्यांनी मात्र प्रवास वाचतो एवढ्याला भुलू नये.

प्रवासाचं गणित असं. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुटते, साडेदहाच्या आसपास पुण्यात. परतीची संध्याकाळी सहाला. दुपारचा साडेबाराचा स्लॉट मिळाला तर कागदावर एका दिवसात जाऊन येणं बसतं: स्टेशनवरून रिक्षा, तीनेक तास सेंटरमध्ये, परत स्टेशन. वंदे भारतने गेलात तर पुण्यात आणखी लवकर पोचाल, तिकीट मात्र महाग. पण गाडी दौंडच्या अलीकडे उभी राहिली तर काय करणार? तीनशेच्या घरातले डॉलर गाडीच्या भरवशावर टाकायला मी तयार नव्हते. आदल्या संध्याकाळी हडपसरला आत्याकडे गेले, सकाळचा स्लॉट घेतला आणि सहाची हुतात्मा आरामात पकडली. पुण्यात नातेवाईक नसले तर एका रात्रीचा लॉज धरा. घरच्या परीक्षेचे जास्तीचे डॉलर आणि तो बोर्ड मिळून खर्च जवळपास तेवढाच होतो.