ऑस्मअँड आणि बीराउटर: स्पितीच्या सायकल-दौऱ्याआधी

काझा ते ग्रांफू या पट्ट्यात नेटवर्कच्या भरवशावर नकाशा उघडायचा विचार घरीच सोडून द्यावा. वाट आखायची लॅपटॉपवर बीराउटर या मार्ग आखून देणाऱ्या साधनात आणि फोनमध्ये ऑस्मअँड या नेटवर्कशिवाय चालणाऱ्या नकाशा-ॲपचा हिमाचल प्रदेशाचा नकाशा आधीच उतरवून ठेवायचा, ही जोडी अशा दौऱ्याला चांगली. वाट दाखवण्यात ती चोख आहे, चढ मोजण्यात बरी. रस्त्याची अवस्था आणि लागणारा वेळ याबाबत मात्र तिच्यावर बिलकूल विसंबू नये.

बीराउटरचं बलस्थान म्हणजे मार्गाच्या प्रत्येक तुकड्याचा तक्ता. दोन्ही साधनं ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशाचाच डेटा वापरतात, पण बीराउटर त्यातले रस्त्याबद्दलचे शेरे उघड दाखवतं: डांबर, खडी की माती. बऱ्याच तुकड्यांपुढे काहीच लिहिलेलं नसतं, आणि खरी मेख तिथेच आहे. नोंद नसेल तर रस्त्याच्या दर्जावरून अंदाज बांधला जातो. स्पितीतून जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५०५, म्हणजे कागदावर अव्वल; बातल ते छत्रू भागात मात्र नदीपात्रातल्या गोट्यांवरून सायकल हाकावी लागते. म्हणून शेरा नसलेला प्रत्येक तुकडा कच्चाच धरावा आणि उपग्रहचित्रावर ताडून पाहावा. दरड पडलेली किंवा पूल गेलेला कळला, तर त्या जागेवर वर्ज्य क्षेत्राचं वर्तुळ काढता येतं. पर्यायी वाट असेल तर मार्ग तिकडे वळतो.

चढाईच्या आकड्याला एक खोट आहे. उंचीचा डेटा मुख्यतः २००० सालच्या, अवकाशयानातून (स्पेस शटल) केलेल्या रडार मोहिमेतला, साधारण ९० मीटरच्या जाळीचा, म्हणजे तेवढ्या अंतरावर उंचीचा एकेक बिंदू. किन्नौरमध्ये कडा कोरून काढलेल्या रस्त्यावर जाळीचा एक बिंदू कड्याच्या माथ्याजवळ पडतो, पुढचा खाली सतलजकडे. रस्ता जवळपास सपाट, उंचीच्या आलेखात मात्र करवतीचे दात, आणि बेरजेत फुकटची चढाई. त्यामुळे बीराउटरमधला, असे बारीक चढउतार गाळून दिलेला आकडाच घ्यावा. मोकळ्या खोऱ्यात हा घोळ कमी. काझा (सुमारे ३,६५० मीटर) ते लांगझा (सुमारे ४,४०० मीटर) ही साडेसातशे मीटरची चढाई पंधराएक किलोमीटरमध्ये येते, म्हणजे सरासरी पाच टक्के. सामानाशिवाय, काझात दोन रात्री काढून झाल्यावर हा चढ जमतो. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नको.

ॲपने दिलेला वेळ तर सरळ खोडून टाकावा. बातल–छत्रू ३२ किलोमीटर, तोही बहुतांश उताराचा. ताशी १५ चा वेग धरला तर दोन तासांचं काम. भरलेल्या बॅगा लावून पाच-सहा तास धरा. शिवाय दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात, हे कोणत्याच ॲपला ठाऊक नसतं. बातलहून सकाळी सहाला निघालं, तर जे पाणी नडगीपर्यंत लागतं ते दुपारी गुडघ्यावर गेलेलं असतं. लोसर ते कुंझुम १९ किलोमीटरच, पण खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे; तिथे ताशी चार-पाचचा वेग पकडून हिशेब मांडावा.

ऑस्मअँडमध्ये काही गोष्टी घरीच लावून घ्याव्यात. दिवसागणिक वेगळी जीपीएक्स फाइल (आखलेली वाट साठवणारी फाइल) करा. काझातून वर जाऊन त्याच वाटेने परत यायचं असेल, तर जाणं-येणं दोन फायलींत ठेवा, नाहीतर एकमेकांवर आलेल्या रेषांत ॲप गोंधळतं. वाट सोडल्यावर नवा मार्ग आपोआप शोधण्याची सोय बंद करा. ट्रॅक नोंदवायचा असेल तर फोनच्या बॅटरी-सेटिंगमध्ये ॲपवरचं बंधन काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर अँड्रॉइड नोंद मध्येच तोडतं. दर दहा सेकंदांनी एक बिंदू पुरे. ढाब्यांच्या खुणांवर जेवणाचा बेत आखू नये: ते हंगामी असतात, नकाशावर मात्र बारमाही दिसतात.

विमान मोड, स्क्रीन बंद आणि फक्त आवाजी सूचना, एवढं पाळलं की बॅटरी पुरते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात ६,०००च्या आसपासच हाती येतात, म्हणजे ५,००० एमएएचच्या फोनला एकदा पूर्ण आणि वर थोडं. रात्री फोन आणि बँक स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.

पैशांचं म्हणाल तर बीराउटर फुकट. प्ले स्टोअरवरच्या मोफत ऑस्मअँडमध्ये सातच नकाशे उतरवता येतात आणि समोच्च रेषांना (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांना) पैसे पडतात. स्पितीत या रेषा हव्यातच, कारण आलेखावर शंका आली की त्याच मोजून बघायच्या असतात. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारावरच्या आवृत्तीत दोन्ही अडचणी येत नाहीत.