यॅकमधला पुनर्संयोग ओळखायला चेफ जेल: आठ महिन्यांचा अनुभव

यीस्टमधल्या दोन कृत्रिम गुणसूत्रांत, म्हणजे यॅकमध्ये, देवाणघेवाण झाली का हे प्लेटवरची वाढ बघून कळेल, असं मी धरून चालले होते. नाही कळत.

माझा एक यॅक ३२० किलोबेसचा (किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरं), दुसरा ४८०चा, दोघांत १०० किलोबेस सामाईक. डाव्या भुजेवर दोघांनाही ट्रिप्टोफॅनचं जनुक, म्हणजे प्लेटमध्ये ते पोषक नसलं तरी यीस्ट वाढतं. उजवीकडे पहिल्याला लायसिनचं, दुसऱ्याला युरॅसिलचं. संकर केला, बीजाणू आले, काचेच्या सुईने चौकड्या फोडून चारचार बीजाणू रांगेत लावले. जवळजवळ प्रत्येक चौकडीत दोन वसाहती लायसिनवाल्या, दोन युरॅसिलवाल्या. पण पहिल्याची डावी बाजू दुसऱ्याच्या उजवीला जोडली गेली, तरी ती वसाहत प्लेटवर हुबेहूब दुसऱ्या यॅकसारखीच वाढते! दोन्ही यॅक एकाच बीजाणूत गेले तर तेवढं मात्र प्लेट पकडते.

फरक असतो लांबीत, आणि तो चेफ दाखवतं: या जेलमध्ये विद्युतक्षेत्राची दिशा सारखी बदलत ठेवून खूप लांब डीएनए लांबीनुसार वेगळे करतात. पेशी ॲगारोजच्या ठोकळ्यातच फोडायच्या, कारण एवढा लांब डीएनए पिपेटमधून गेला की तुटतो. १ टक्का जेल, १४ अंश तापमान, दिशा बदलण्याचा अवधी आधी ६० मग ९० सेकंद, एकूण २४ तास. एका चौकडीच्या चार रांगांपैकी तिसरीत ७०० किलोबेसच्या जागी, यीस्टच्या स्वतःच्या दोन गुणसूत्रांच्या मधे, एक बारीक नवा पट्टा उमटला, तेव्हा मी फोटो तीनदा काढला. त्याचा १०० किलोबेसचा जोडीदार पाहायला मात्र दिशा बदलण्याचा अवधी कमी ठेवून वेगळं जेल चालवावं लागलं.

ग्रीन आणि ओल्सन यांनी १९९० मध्ये सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचं अख्खं जनुक असलेले ७९० किलोबेसपर्यंतचे यॅक असेच मायोसिसमधून, म्हणजे बीजाणू बनतानाच्या पेशीविभाजनातून, जोडून घेतले होते. ते वाचूनच मी या कामाला लागले.

त्रासही झाला. माझा ३२०चा पट्टा यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्राखाली लपायचा. सदर्न ब्लॉट केला, म्हणजे पट्टे जेलवरून पडद्यावर उतरवून यॅकमधल्या मानवी डीएनएलाच चिकटणारा अलू प्रोब लावला, तेव्हा कुठे तो वेगळा दिसला. एका रात्री थंड बफर फिरवणारा पंप बंद पडला आणि सकाळी सगळे पट्टे फराटे होऊन बसले. आठवड्याची मेहनत गेली, फार वाईट वाटलं.

नवीन जोडी घेणाऱ्यांनी दोन्ही यॅकमधल्या तुकड्यांची दिशा आधी तपासावी. उलट असतील तर सामाईक भागातल्या अदलाबदलीतून एक गुणसूत्र दोन सेंट्रोमिअरचं (सेंट्रोमिअर म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं ती जागा) आणि दुसरं बिनसेंट्रोमिअरचं तयार होतं, आणि दोन्ही टिकत नाहीत. मी तर आता यॅक निवडतानाच यीस्टच्या १६ गुणसूत्रांच्या लांबीची यादी शेजारी घेऊन बसते.