बी.एस्सी. अ‍ॅग्रीनंतर एम.एस्सी. की बी.एड.?

शेती शिकवायचीय हे पक्कं असेल, तर आधी कुणाला शिकवायचंय ते ठरवा. कॉलेजच्या पोरांना की शाळेतल्या?

कॉलेजात सहाय्यक प्राध्यापक व्हायचं तर चार वर्षांच्या पदवीवर दोन वर्षांची एम.एस्सी. हवीच. त्यापुढे कृषी वैज्ञानिक निवड मंडळाची नेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. राज्यात राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं आहेत, पण कायम जागांच्या जाहिराती कधी निघतील याचा भरवसा नाही. तोवर खाजगी कॉलेजात तुटपुंज्या पगारावर काढायची तयारी ठेवा. विषय निवडतानाही विचार हवा. माझं मत विचाराल तर शिकवण्याची खरी आवड असलेल्यानं कृषी विस्तार घ्यावा. शेतकऱ्याला पटवायचं कसं, हाच तिथला अभ्यास.

बी.एड. दोनच वर्षांचं. पण शाळेत शेतीचा स्वतंत्र शिक्षक क्वचितच असतो, तुम्ही बहुधा विज्ञानच शिकवाल. भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल, म्हणजे शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ, आहेच.

मात्र वर्गात कसं उभं राहायचं हे बी.एड.मध्येच शिकवतात. एम.एस्सी.वाला प्रबंध लिहितो, पाठ घेत नाही. मातीचा नमुना घेण्याचंच उदाहरण बघा: इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, कडेची माती, ढिगाचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. हे येतं सगळ्यांना. आठवीच्या चाळीस पोरांकडून बांधावर करून घेणं वेगळं.

घरून चार-पाच वर्षं आधार असेल तर एम.एस्सी. करा. नसेल तर बी.एड.