अमळनेर, धुळे रोड: प्लगला करंट नसेल तर याच मिस्त्रीकडे न्या

गाडी चालू होत नसेल आणि आधीच्या मिस्त्रीने एकेक पार्ट बदलून तुम्हाला दमवलं असेल, तर अमळनेरला धुळे रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जा. बोर्ड नाही. बाहेर जुन्या सायलेन्सरांचा ढीग आहे, तीच खूण. मात्र गाडी आजच्या आज हवी असेल तर नका जाऊ.

माझी जुनी स्प्लेंडर, 97.2 सीसीची, दुधाच्या कॅना वाहणारी. सिलिंडरचा बोअर घासून घासून शेवटच्या साइजपर्यंत मोठा करून झालेला, त्यात कनेक्टिंग रॉड वाजायला लागला. क्रँक, सिलिंडर किट आणि मजुरी धरली तर सेकंडहँड इंजिन स्वस्त पडत होतं. 7,500 ला घेतलं आणि दुसऱ्याच एका गॅरेजात बसवलं. फाउंडेशनचे बोल्ट जुळले, चेन सरळ बसली, पण किक मारून मांडी भरून आली तरी गाडी बोलेना. तिथलं निदान, सीडीआय गेला, म्हणजे प्लगची ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा. नवा आणला. मग म्हणे, कार्बोरेटर बदला. तिथे मी हात जोडले आणि गाडी छोटा हत्तीत टाकली. जुनं इंजिनही गोणीत बांधून सोबत घेतलं.

धुळे रोडच्या भाऊने आधी काही खोललंच नाही. पहिला सवाल, "अण्णा, इंजिननी पावती शे का?" क्रँककेसवरचा नंबर वायरब्रशने घासला, त्यावर खडू फिरवला आणि पावतीशी अंक न् अंक ताडून पाहिला. चोरीच्या मालाला तो हात लावत नाही. निम्मा विश्वास माझा तिथेच बसला.

मग प्लग काढून हेडला टेकवला, किक मारली. करंट नाही. सीडीआयच्या कपलरमधली, म्हणजे वायरींच्या जोडातली, काळी-पांढरी वायर सुटी केली. चावीचं लॉक बंद केल्यावर गाडी बंद पाडते ती हीच. परत किक, तरी नाही. म्हणजे लॉकचा दोष नाही. मग इंजिनाकडून येणारा कपलर माझ्या डोळ्यांपुढे धरला. "काळी-लाल वायर कोठे शे?"

नव्हतीच. माझ्या गाडीचा सीडीआय एसीवाला. त्याला वीज बॅटरीची नाही, मॅग्नेटोतल्या, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या भागातल्या, वेगळ्या कॉइलची लागते आणि ती येते त्या काळ्या-लाल वायरने. या इंजिनावर कोणीतरी बॅटरीवाल्या सीडीआयची प्लेट, म्हणजे मॅग्नेटोची कॉइलं बसतात ती, चढवलेली, तिच्यात ती कॉइलच नाही. आता त्याला नवा सीडीआय लावून काय होणार, कपाळ?

गोणीतल्या इंजिनाचं मॅग्नेट आणि प्लेट काढून यावर चढवली. पुलर लावून, हातोडी न मारता. मॅग्नेट जागेवर धरणारी शाफ्टवरची अर्धगोल चावी उन्हात धरून फिरवून पाहिली, कारण तिची कड चेपली तर ठिणगीचं टायमिंग सरकतं. चावी चांगली निघाली. झाकण उघडं आहेच म्हणून मॅग्नेटवरची 'टी'ची खूण जुळवली आणि वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या चक्रावरचा 'ओ' खाचेसमोर येतो का तेही पाहिलं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी चालू झाली, पण रेस आपोआप वरखाली, चोक ओढला तरच टिकायची. त्याने कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या जोडावर क्लीनरचा फवारा मारला, तर लगेच इंजिनाचा आवाज बदलला. जोडातली ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, बसवतानाच चेपून अर्धी बाहेर आलेली. हवा ओढत होती तिथून. 20 रुपयांचा माल, आणि मला सांगितलं होतं कार्बोरेटर घ्या!

मजुरी 900 घेतली. जास्त नाही.

आता तक्रारी. "संध्याकायले या" म्हणतो आणि संध्याकाळी शेडला कुलूप. फोन उचलत नाही. दुपारी काम बंद, आणि मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसणं म्हणजे भट्टीच. पक्कं बिल मागितलं तर सिगारेटच्या पाकिटामागे हिशोब लिहून देतो. इंजिन बदललं की नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो, मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आहे त्याला. जळगाव आरटीओची ती धावपळ तुमची तुम्हीच करायची, भाऊ त्यात पडत नाही. इंजिनाच्या खरेदीची पावती तेवढी जपून ठेवा.

न्यायची तर सकाळी न्या, गर्दी व्हायच्या आत. आणि जुनं इंजिन आधीच भंगारात घालू नका.