व्हँकुव्हर आयलंडला काळ्या अस्वलाची शिकार: चार महिन्यांनंतरचा अनुभव (म्हणजे मुख्यतः बुटांचा)

एप्रिलमध्ये शिकारीला जिथे राहिलो होतो त्या केबिनवाल्याचा आज ईमेल आला. साठ डॉलर परत मागितले होते, त्याऐवजी वीस डॉलरचं व्हाउचर पाठवलंय, तेही "पुढच्या स्टेसाठी". म्हटलं आता लिहूनच टाकतो.

शिकारीलाच ज्यांचा विरोध आहे त्यांच्याशी वाद घालायचा नाहीये. भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली ते चांगलंच झालं. इथे ब्रिटिश कोलंबियात काळं अस्वल लायसन्सवर मारता येतं, ग्रिझली (तपकिरी अस्वल) २०१७ पासून बंद. शिकारीचा कोअर कोर्स, बंदुकीचं पीएएल लायसन्स वगैरे सोपस्कार ज्यांनी केलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, त्यामुळे बेसिक गोष्टी परत सांगत नाही.

ट्रॉफी म्हणजे कवटी, आणि मोठी कवटी हवी तर किनारा, एवढं सगळ्यांना माहिती असतं. सॅमन मासे, सौम्य थंडी, खायला मिळणारे महिने जास्त. माझ्यापुढे तीन जागा होत्या. पहिली अलास्काचं प्रिन्स ऑफ वेल्स बेट, तिथे ब्राऊन बेअर नाहीत, फक्त काळी, लॉगिंगचे (लाकूडतोडीचे) रस्ते भरपूर, केचिकनहून फेरीनं तीन तासात हॉलिस. पण मी राहतो व्हँकुव्हरजवळ सरेला, अमेरिकेच्या दृष्टीनं परदेशी, आणि परदेशी माणसाला अलास्कात कुठल्याही मोठ्या जनावरासाठी गाइड घ्यावाच लागतो. गाइडचा दर बघितला आणि लॅपटॉप मिटला. दुसरी जागा नॉर्थ कॅरोलायनाचा किनारा, कारण मामेभाऊ तिथल्या कॅरी गावात राहतो म्हणजे झोपायची सोय फुकट. तिथली अस्वलं मका, सोयाबीन, भुईमूग खाऊन अशी माजतात की १९९८ ला क्रेव्हन काउंटीत ८८० पौंडांचं मिळालं होतं. पण तिथे कौतुक वजनाचं, मला हवी होती कवटी, शिवाय बंदूक बॉर्डरपलीकडे न्यायची तर अमेरिकेचा वेगळा फॉर्म, वेगळी परवानगी, आणि मामेभावाची बायको म्हणाली बंदूक घरात नको. रास्त आहे. राहिलं व्हँकुव्हर आयलंड. सरेजवळच्या त्वासेन धक्क्यावरून दोन तासांची फेरी, पीआर (कायमचा रहिवासी) असल्यामुळे रेसिडेंटच्या भावात लायसन्स, गाइड नको. काटकसरी माणसाला आणखी काय पाहिजे.

पाहिजे होतं, कोरडे बूट पाहिजे होते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा पार्टनर (ॲबट्सफर्डचा पंजाबी, आमचा पाजी, पंधरा वर्षं शिकार करतोय) पश्चिम बाजूला एका खाडीच्या टोकाला केबिन घेऊन राहिलो. एप्रिल का, तर अस्वल नुकतं बाहेर पडलेलं असतं, केस दाट असतात, खाडीच्या तोंडाशी कोवळं गवत खायला येतं. जाहिरातीत ठळक लिहिलेलं, "ड्रायिंग रूम उपलब्ध". आता मी आंबोलीच्या पायथ्याशी वाढलोय. पावसाचं कौतुक मला कोणी सांगू नये. इथले लोक मोठ्या अभिमानानं सांगतात की कॅनडातला एका दिवसाचा सगळ्यात जास्त पाऊस या बेटावर पडला, १९६७ साली युक्लुलेटजवळ ४८९ मिमी. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ पडलेला, बसा गप.

पण एक फरक आहे आणि तो मला तिथे जाऊन कळला. आपला पाऊस कोसळतो आणि मग दोन तास उघडीप देतो. इथला कोसळत नाही, चिकटतो. आठ डिग्रीत दिवसभर बारीक पिरपिर, वर ओलं शेवाळ, खाली ओलं झुडूप, कमरेपर्यंत सॅलल नावाची झुडपं. साडेतीनशे डॉलरचे माझे चामड्याचे "वॉटरप्रूफ" बूट पहिल्या दिवशी दुपारी तीनला आतून ओले झाले. पाणी वरून गेलं, पँटवरून ओघळत, त्यात बुटाचा दोष नाही हे मला आत्ता मान्य आहे, तेव्हा नव्हतं.

आणि ती ड्रायिंग रूम. दोन बाय दोन मीटरची खोली, चार खुंट्या, एक पंखा. पंखा जनरेटरवर. जनरेटर रात्री दहाला बंद. आम्ही जंगलातून परत येणार साडेनऊला, कारण त्या दिवसांत साडेआठपर्यंत उजेड असतो आणि अस्वल संध्याकाळीच उघड्यावर येतं. म्हणजे बुटांच्या वाट्याला अर्धा तास वारा, तोही गार. मी विचारलं तर मालक म्हणाला, ड्रायिंग रूम आहे असं लिहिलंय, गरम आहे असं कुठे लिहिलंय? मालक वयानं मोठा होता म्हणून गप्प बसलो, नाहीतर मालवणीत उत्तर तयार होतं.

आमच्या घरी श्रावणात आई मोजे चुलीच्या वर दोरीला टांगायची, गणवेश इस्त्रीनं वाळवायची. इथे चूलपण नाही. मी मोजे अंगावर, बनियनच्या आत घालून झोपलो, ते वाळले. बुटांचं काय करणार? कागद कोंबला, तो लगदा झाला.

तिसऱ्या दिवशी टाचेला रुपयाएवढा फोड, चौथ्या दिवशी मी गाडीत बसून आणि पाजी एकटा वर गेला. त्याच दिवशी त्याला दिसलं. लॉगिंगच्या जुन्या फाट्यावर क्लोव्हरचा पाला खात असलेलं, कान लहान आणि डोक्याच्या दोन बाजूंना, पोट जमिनीला टेकेल असं, म्हणजे म्हातारा नर. चिखलात पुढच्या पंजाचा ठसा मोजला तर साडेसहा इंच. (पंजाच्या इंचात एक मिळवा, तेवढे फूट कातडं, असा ढोबळ हिशोब असतो.) पाजीनं गोळी झाडली नाही, कारण ती पाळी माझी ठरलेली. खाली येऊन फक्त म्हणाला, "भाजी (पंजाबीत भाऊ), तुझे बूट." एवढंच. मला त्याहून वाईट आजपर्यंत कोणी बोललेलं नाही.

इथपर्यंतचा भाग मी मे महिन्यात लिहून ठेवला होता आणि बेटाला पाचपैकी दीड देणार होतो. नंतर मत बदललं म्हणून पुढचं.

मेच्या शेवटी परत गेलो. या वेळी खाडी-बिडी नाही, बेटाच्या उत्तरेला गावातलं साधं मोटेल, रात्रीला सत्तर डॉलर जास्त, पण भिंतीला लागून बेसबोर्ड हीटर. बुकिंग करताना फोनवर विचारलं, हीटर रात्रभर चालतो का? ती बाई हसली, म्हणाली तुम्ही शिकारी ना. आणि पायात गमबूट, पस्तीस डॉलरचे, शेतात घालतात तसले. पँट बुटाच्या बाहेर ठेवायची, पाणी ओघळून जातं. कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्यानं मला हे फुकट सांगितलं असतं.

मेच्या शेवटी जायचा फायदा असा की नर माद्यांच्या मागे फिरतात, दिवसाउजेडी दिसतात. तोटा असा की अंग घासून केस जायला सुरुवात झालेली असते. म्हणजे कातडं हवं तर एप्रिल, मोठा नर हवा तर मे अखेर, दोन्ही हवं तर नशीब. गेट बंद असणं, लॉगिंग ट्रकचं रेडिओ चॅनल ऐकत गाडी चालवणं, हे सगळं आहेच, पण त्याचं कोणी रडत नाही.

चौथ्या संध्याकाळी जुन्या क्लिअरकटवर (झाडं सरसकट तोडलेल्या जागेवर) दिसलं. चाळीस मिनिटं दुर्बिणीतून फक्त बघत होतो, सोबत पिल्लं नाहीत ना, नर आहे ना. १४० मीटर, एक गोळी. पाय कोरडे होते आणि त्यामुळे हात स्थिर होता, असं मी म्हणतो, पाजी म्हणतो नशीब.

मांस न्यावंच लागतं, इथे तो कायदा आहे, आणि हाच मला मोठा आनंदाचा धक्का. वाटलं होतं उग्र असेल. वसंतातलं, गवत खाल्लेलं अस्वल मटणासारखं लागतं, थोडं गोडसर. मालवणी मसाला, कुकरला सात शिट्ट्या. शिट्ट्यांमध्ये कंजुषी करू नका, अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला कृमी असू शकतात, काही जाती फ्रीजरमध्येही मरत नाहीत, आतपर्यंत ७१ डिग्री झालंच पाहिजे. बायकोनं आधी नाक मुरडलं, मग वाटीभर रस्सा वाढून घेतला. चरबी कढवून बाटलीत भरली, जुने लोक चामड्याला लावायचे म्हणून त्या साडेतीनशेच्या बुटांना चोळली. बूट आता पाणी अजिबात धरत नाहीत. घरात मात्र आणता येत नाहीत, बाल्कनीत आहेत, स्ट्राटाचं (आमच्या सोसायटीचं) एक पत्र येऊन गेलंय.

कवटीचं म्हणाल तर साठ दिवस वाळवून मगच मोजतात, लांबी अधिक रुंदी. बून अँड क्रॉकेट या ट्रॉफींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन क्लबच्या यादीत यायला किमान २० इंच लागतात, कायमच्या यादीला २१. माझी भरली १९ आणि ११/१६. पाच सोळांश कमी. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली तर म्हणाली, "मेल्या, ता टकला घरात कित्याक ठेवलंस?" गावी नेणं तर विसराच, काळं अस्वल साइटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये, कागदपत्रं करणार कोण.

पाजीच्या मते एप्रिलमधलं ते फाट्यावरचं सहज २० च्या वर होतं. ही गोष्ट तो दर आठवड्याला एकदा काढतो.

बेटाला आता चार देतो. अर्धा फेरीच्या भाड्यासाठी कापला, अर्धा त्या पंख्यासाठी. पुढच्या वसंतात परत जाणार, मोटेलवाल्या बाईला आत्ताच फोन करून खालच्या मजल्यावरची, दोन हीटरवाली खोली सांगून ठेवलीये. वीस डॉलरचं व्हाउचर कोणाला हवं असेल तर मेसेज करा, ३१ ऑक्टोबरपर्यंत चालतं. फक्त दहाच्या आत परत या.