आयएन-१४ निक्सी घड्याळ, १४ महिने वापरून: तासाची पहिली ट्यूब सांभाळा

लिहायचं बरेच दिवस राहून जात होतं, पण जुलैमध्ये सेकंदाची शेवटची ट्यूब गेली आणि त्यातून जे बाहेर आलं ते निक्सीच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाला कळायलाच पाहिजे. निक्सी म्हणजे आत तारेचे अंक असलेली, नारिंगी पेटणारी काचेची ट्यूब, आयएन-१४ हा तिचा जुना सोव्हिएत प्रकार. माझं घड्याळ म्हणजे स्वतः जोडायचं किट, सहा आयएन-१४, प्रत्येकीला अंक पेटवणारी वेगळी चिप (के१५५आयडी१), म्हणजे ट्यूबा आळीपाळीने पेटवायचं मल्टिप्लेक्सिंग नाही, १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि त्याचे बोर्डवरच ट्यूबांसाठी १८० व्होल्ट. कस्टम धरून १८,००० च्या आसपास पडलं. उद्यमबागेत शिफ्ट करणाऱ्याला १८,००० म्हणजे किती ते वेगळं सांगायला नको.

आधी ट्यूब कशी गेली ते. बेळगावचा पाऊस, आठ दिवस ऊन नाही, लाईट दिवसातून चारदा जातेय. एका संध्याकाळी बघतो तर शेवटच्या अंकाचा नारिंगी रंग जाऊन मळकट जांभळा झालाय. व्होल्टेज पडलं असेल म्हणून मीटर लावला, १७९. दुसऱ्या दिवशी अर्धाच अंक, तिसऱ्या दिवशी अंधार. जांभळं दिसायला लागलं की समजायचं आत हवा शिरली, निऑन नारिंगी पेटतो, हवेतला नायट्रोजन जांभळट. भिंग लावलं तेव्हा तार काचेतून बाहेर येते त्या जागी केसाएवढी चीर सापडली. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर काय, "सर, काचेचा माल, वॉरंटी नाही, तार तुम्हीच वाकवली असणार." मी प्रत्येक तार काचेपासून लांब पकडीत धरून वाकवलेली. चार मेल झाले, त्यांनी तेच वाक्य चारदा पाठवलं. पोस्टेज तरी सोडा म्हटलं, तेही नाही.

नवी मागवायची म्हणजे परत पैसे. मग विचार केला की घरातलीच एक हलवू. माझं सेटिंग १२ तासांचं, पुढचा शून्य लपवलेला. म्हणजे तासाची पहिली ट्यूब १०, ११ आणि १२ च्या तासालाच पेटणार, दिवसाला सहा तास, आणि तेही फक्त १. बाकी १८ तास तिला कामच नाही. तीच काढून सेकंदाला लावायची ठरवली. तेरा तारा डिसोल्डर करायला दुपार गेली (अडॅप्टर काढल्यावरही थांबा, कपॅसिटरमध्ये साठलेला करंट चावतो, मला चावलाय). तासाची जागा रिकामी राहिली त्यामुळे दुपारी बाराला घड्याळ २ दाखवायला लागलं आणि आईची हाक, "काय रे, दोन वाजले होय? बाबा अजून जेवायला आले नाहीत की!"

पण खरा धक्का सेकंद फिरायला लागल्यावर बसला. १ झकास. २ ला मधेच खंड. ७ ची फक्त आडवी रेघ, तिरका पाय पूर्ण काळा. ८ चा खालचा गोल गायब. माझी शंभर टक्के खात्री झाली की विक्रेत्याने कुठल्यातरी जुन्या मशीनमधला वापरलेला माल नवा म्हणून खपवला, आणि मी तसा मेलही टाईप करून ठेवला.

पाठवला नाही ते बरं झालं, कारण मत इथे बदललं. याला कॅथोड पॉयझनिंग म्हणतात, कॅथोड म्हणजे ट्यूबमधला तारेचा अंक. ट्यूबमध्ये दहा अंक एकामागे एक रचलेले असतात, जो पेटतो त्याचा धातू कणाकणाने उडतो आणि शेजारच्या न पेटणाऱ्या अंकांवर बसतो. ज्या भागावर थर बसला तो भाग पेटत नाही. आत थोडा पारा घातलेला असतो त्याने हे उडणं कमी होतं, पण थांबत नाही. चौदा महिने एकटा १ पेटवत मीच त्या ट्यूबची वाट लावली होती. मिनिटाच्या पहिल्या ट्यूबलाही ६ ते ९ कधीच लागत नाहीत, तेव्हा तिच्याकडेही बघा.

तरी राग आहेच, आणि तो फर्मवेअरवर, म्हणजे घड्याळाच्या आतल्या प्रोग्रामवर आहे. सगळे अंक फिरवून साफ करायची सोय मेनूत आहे, पण आठव्या पानावर, आणि किट येतं तेव्हा बंद! मॅन्युअलमध्ये एक ओळ नाही. ज्या ट्यूबा आता कारखान्यात बनत नाहीत (माझ्या ट्यूबांवर ८१ सालचा शिक्का आहे), त्यांचं आयुष्य ज्या सेटिंगवर आहे ते बंद ठेवून विकता? एवढ्या एका गोष्टीसाठी मी दोन स्टार कापतो, कुणाला जास्त वाटलं तर वाटू दे. चेक प्रजासत्ताकात दालिबोर फार्नी हाताने नव्या निक्सी बनवतो, पण तो भाव आपल्याला झेपणारा नाही.

इलाज आहे. ट्यूबचा करंट आवरणारा ॲनोडचा १५ किलोओहमचा रेझिस्टर काढून तात्पुरता ८.२ चा लावला, करंट अडीच मिलिॲम्पवरून पाचच्या जवळ गेला, आणि बसलेला थर उडवायला एकेक अंक तासन्‌तास पेटता ठेवला. ७ चं तर मी पाटावर बसून बघितलंय. आडव्या रेघेच्या टोकाला उजेड अडकलेला, तासाभराने तांदळाच्या दाण्याएवढा पायात उतरला, मग अजून थोडा, वातीला तेल चढावं तसा. शेजारचे अण्णा दारातून "एनिदु?" (हे काय?) म्हणत आले आणि तेही अर्धा तास तिथेच बसले.

चांगलं ते पण सांगतो. वेळ राखणाऱ्या डीएस३२३१ चिपमुळे चौदा महिन्यांत वेळ २० सेकंदच पुढे गेली, इतक्यांदा लाईट जाऊन. ५ म्हणजे उलटा केलेला २ आहे, त्याची सवय होते. संध्याकाळी बाहेर पाऊस आणि खोलीत फक्त हा उजेड असला की अठरा हजार आठवत नाहीत.

आता २४ तासांचा मोड ठेवलाय, दर तासाला एक मिनिट सगळे अंक फिरतात, रात्री ११ ते ६ बंद. एक ट्यूब दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवली आहे. २ आणि ८ पूर्ण आले, ७ च्या पायाचं टोक तेवढं अजून काळं आहे, आज रात्री परत लावतोय.