टीम लंचला मधे मागवून वाटायचं की सरळ थाळी?

ऑफिसच्या ग्रुपला जेवायला न्यायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल तर हॉटेल कुठलं याच्याही आधी एक गोष्ट ठरवा, टेबलाच्या मधे भाज्या मागवून सगळ्यांनी वाटून खायच्या का प्रत्येकाने आपापली थाळी घ्यायची. आमच्याकडे हे ठरवायचं काम बरेच दिवस माझ्याकडे आहे आणि दोन्ही प्रकार भरपूर झालेत, त्यामुळे लिहितोय. बुफे मी धरतच नाही, अर्धं टेबल कायम प्लेट घेऊन रांगेत असतं आणि एकत्र बसणं होतच नाही. टीटीएमएम ऑर्डर पण नको, एकाची बिर्याणी खाऊन संपते तेव्हा दुसऱ्याचं पहिलं ताट येतं.

मधे मागवण्यात मजा आहे हे आधीच सांगतो. दोन भाज्या, काळी डाळ, एखादी बिर्याणी, बटर नानची टोपली, आणि मग "हे बघ जरा घेऊन" करत एकमेकांना वाढणं. नवीन जॉइन झालेलं कोणी असेल तर मीटिंगमधे आठवडाभर बोलत नाही ते माणूस इथे हंडी पुढे सरकवताना बोलायला लागतं. मॅनेजर स्वतःच्या हाताने टीमला वाढतोय हे दृश्य पण मला आवडतं. एकट्याने गेलो तर एक भाजी खाऊन परत येतो, इथे चार-पाच चवी होतात.

पण मला थाळीकडे नेलं ते पनीरच्या हंडीने.

होतं काय, आठ-दहा जणांत व्हेजवाले समजा तीन. ऑर्डर देणारा हिशोब करतो की तिघांना एक पनीर पुरे, बाकीच्यांना चिकन मटण. कागदावर बरोबर आहे. पण पनीर मधे ठेवलं की नॉनव्हेजवाले पण घेतात, आणि का नाही घेणार, मधे ठेवलंय ते सगळ्यांचंच ना, कोणी मुद्दाम करत नाही. फक्त हंडी टेबलाच्या एका टोकाकडून निघते आणि व्हेजवाल्यांपर्यंत पोचेस्तोवर ग्रेव्ही आणि सिमला मिरचीचा एखादा तुकडा राहिलेला असतो. मग व्हेजवाल्यांतली एखादी मुलगी डाळ आणि जीरा राइस घेते आणि म्हणते नाही नाही मला पुरे. दुसरी हंडी मागवू म्हटलं तर ती नको म्हणते कारण ती येईपर्यंत बाकीचे हात धुवून बसलेले असणार. आणि शेवटी टेबलावर उरतं काय तर चिकन!

त्यात चमच्यांची अदलाबदल. चिकनच्या हंडीतला चमचा बोलण्याच्या नादात कोणीतरी पनीरमधे घालतं. व्हेज खाणारा माणूस चारचौघांत काही बोलत नाही, फक्त त्या हंडीकडे परत हात नेत नाही, आणि हे कोणाच्या लक्षात पण येत नाही. वर कॉन्ट्री सगळ्यांची सारखी, म्हणजे डाळभात खाऊन मटणाचे पैसे भरायचे. मला हे फार लागतं, खरं सांगतो. टीमचं जेवण म्हणून गेलो आणि त्यातले दोघं-तिघं अर्धपोटी परत आले तर त्याला टीमचं जेवण का म्हणायचं?

यावर उपाय लोक करतात, व्हेज जास्त मागवा किंवा व्हेजवाल्यांना एका टोकाला बसवा. पण टोकाला बसवलं की एका टेबलावर दोन पार्ट्या होतात, मग एकत्र जाण्यात काय राहिलं. आणि व्हेजवाले नक्की किती हे तरी कुठे ठरलेलं असतं, मंगळवार, गुरुवार, संकष्टी, आणि श्रावण लागला की अख्खा हिशोब बदलतो. जैन कोणी असेल तर अजून अवघड, कारण बहुतेक हॉटेलात ग्रेव्ही आधीच करून ठेवलेली असते आणि त्यात कांदा-लसूण असतोच, म्हणजे त्या एकासाठी वेगळी हंडी, जी खरं तर दोघा-तिघांची असते.

थाळीत हे सगळं एका फटक्यात मिटतं. कोल्हापुरी किंवा मालवणी हॉटेलात व्हेज आणि नॉनव्हेज दोन्ही थाळ्या असतात, प्रत्येकाची वाटी वेगळी, चमचा वेगळा. एकाच्या ताटात तांबडा-पांढरा आणि सुकं मटण, शेजारच्याच्या ताटात भरली वांगी किंवा पिठलं, आणि दोघं शेजारी बसून जेवतायत, कोणाला कोणाची अडचण नाही. माणशी किती पडणार हे पण आधीच कळतं.

कमतरता आहेत. अनलिमिटेड गुजराती-राजस्थानी थाळीत वाढपी सारखे येत राहतात, एक वाक्य धड पुरं होत नाही, आणि कमी खाणाऱ्याला ती महागच पडते. मधे वाटून खाण्यातली ती आपुलकी पण थोडी कमी होते हे मान्य. त्यावर मी एक करतो, थाळीच्या आधी दोन स्टार्टर मधे मागवतो, कोथिंबीर वडीसारखं काहीतरी सुकं, आणि पीस मोजून, माणसं दहा असतील आणि प्लेटीत सहा येत असतील तर दोन प्लेटी. नॉनव्हेज स्टार्टर वेगळ्या प्लेटीत. वाटून खायची हौस त्यात भागते.

तुम्ही चार-पाच जणच असाल, सगळे सगळं खाणारे असाल आणि गोल टेबल मिळत असेल तर बिनधास्त मधे मागवा, तिथे थाळी उगाच कोरडी वाटेल. टेबलं जोडून लांब रांग होणार असेल तर मात्र प्रत्येक पदार्थ दोन्ही टोकांना वेगळा मागवावा लागतो, आणि तेवढं करण्यापेक्षा मला तरी थाळी बरी वाटते. तुमच्या टीमचं वेगळं असू शकेल.

बिलाचं दोन्हीकडे सारखंच. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, दारूवर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे दारूचं बिल वेगळंच मागा आणि न पिणाऱ्यांना त्यातून बाहेर ठेवा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला दिसला तर काढायला सांगा, जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे तो सक्तीचा नाही आणि मार्च २०२५ मधे दिल्ली हायकोर्टाने पण तेच उचलून धरलं. टीप द्यायची तर वाढणाऱ्या दादांच्या हातात द्या. आणि आदल्या दिवशी हॉटेलला फोन करून व्हेज थाळ्या किती, जैन किती हे सांगून ठेवा, तो आकडा त्या दिवशी सकाळी ग्रुपवर परत एकदा विचारून घ्या.